इलेक्ट्रिक ऑफ-रोड आरसी (रेडिओ कंट्रोल) गाड्या : टायर आणि बदलांच्या चाचण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न मंडळींनीच पाठवलेले आहेत. काही इतक्या वेळा आले की उत्तर एकदाच नीट लिहून ठेवावं म्हटलं. सगळं १/१० मापाच्या, बॅटरीवरच्या बग्गी, ट्रक आणि शॉर्ट कोर्स गाड्यांबद्दल आहे. क्रॉलरचं (खडकांवर हळू चढणाऱ्या गाड्यांचं) शास्त्र निराळं, त्यामुळे ते इथे नाही. उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. नवीन गाडी घेतली. आधी काय बदलू? मोटर, बॅटरी की टायर?

आधी काहीच नाही. खोक्यातून आली तशी चालवा, आणि कुठल्या वळणावर ती काय करणार हे हाताला कळेपर्यंत चालवा. ते कळत नाही तोवर पुढच्या कुठल्याही बदलाने फायदा झाला की तोटा, हे सांगता येणार नाही.

मग टायर. मोटर कितीही दांडगी असो, तिची ताकद जमिनीत उतरते ती टायरच्या बोटभर पट्ट्यांतूनच. गाडीसोबत येणारे टायर बहुतेकदा कडक रबराचे असतात, कारण ते टिकावेत आणि तक्रार येऊ नये हा कंपनीचा हिशेब असतो. वळणावळणाच्या ट्रॅकवर साध्या ५४० मापाच्या ब्रश मोटरची गाडी नेमक्या टायरवर असेल, तर चुकीच्या टायरवरच्या महागड्या ब्रशलेस गाडीला सहज त्रास देते.

एक अपवाद आहे. गाडीत बेअरिंगच्या जागी प्लॅस्टिकचे बुश असतील (टॅमिया कंपनीच्या स्वस्त किटांमध्ये असतात), तर टायरच्याही आधी बेअरिंग. बुशमध्ये धूळ शिरली की भोक लंबगोल होतं, चाक डुगडुगतं, आणि डुगडुगत्या चाकावर टायर तपासण्यात अर्थ नसतो.

२. टायर माझ्या गाडीला बसेल की नाही, हे ऑर्डर करण्याआधी कसं ओळखू?

तीन गोष्टी बघा. पहिली, षटकोनी हबचं (ज्यावर चाक बसतं तो भाग) माप : १/१० गाड्यांना बहुतेक १२ मिमी, १/८ ला १७ मिमी. दुसरी, रिमचा व्यास : बग्गीला २.२ इंच. शॉर्ट कोर्सच्या रिमवर २.२/३.० असं लिहिलेलं असतं, म्हणजे रिमच्या दोन कडांचे व्यास वेगवेगळे. त्यावर बग्गीचा टायर चढत नाही. तिसरी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे ऑफसेट, हब रिमच्या किती आत बसतो ते. ट्रॅक्सस कंपनीच्या टू-व्हील-ड्राइव्ह (फक्त मागच्या चाकांना मोटरचा जोर, पुढे नुसतं “टू-व्हील” म्हटलंय) स्लॅश गाडीचे पुढचे आणि मागचे रिम दिसायला सारखे, पण ऑफसेट वेगळा. अदलाबदल केली की चाक बाहेर येतं किंवा आत घासतं.

टू-व्हील बग्गीचा पुढचा रिम अरुंद असतो, त्याला फोर-व्हीलचा पुढचा टायर चालत नाही. ऑर्डरच्या पानावर गाडीचं नाव नसेल तर व्हर्नियरने मोजा, फोटोवर जाऊ नका.

३. इतक्या प्रकारचे काटे असतात. आपल्याकडच्या मातीला कुठले घ्यायचे?

माती जितकी सैल तितके काटे उंच आणि विरळ. जितकी घट्ट तितके बुटके आणि दाट. बाकी सगळा तपशील यातूनच निघतो.

कोकणात-गोव्यात जांभ्याचा लाल मुरूम असतो. खाली टणक, वर सुटे गोल खडे. इथे बारीक पिनांचा टायर खड्यांवरच तरंगत राहतो. मध्यम उंचीचे चौकोनी ठोकळे असलेला टायर खडे बाजूला सारून खालच्या कडक थरापर्यंत पोचतो, तो घ्या. ठोकळ्यांमधलं अंतर खड्यापेक्षा मोठं हवं, नाहीतर खडे तिथेच अडकून बसतात.

देशावरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वर बोटभर फुफाटा साचतो. सकाळी उंच पिनांचा टायर चांगला चालतो. पण दहा-बारा गाड्या फिरल्या की फुफाटा रेषेबाहेर उडतो, खालची कडक जमीन उघडी पडते आणि त्याच पिना वाकायला लागतात. म्हणजे एकाच मैदानावर सकाळचा टायर दुपारी चुकीचा. ओल्या काळ्या मातीसाठी मात्र टायर नाहीच. दोन फेऱ्यांत काट्यांमधली जागा भरते, गुळगुळीत गोळा तयार होतो आणि ते ओझं फिरवता फिरवता मोटर तापते. त्या दिवशी गाडी पेटीतच बरी.

गवताच्या मैदानावर उंच पिना, कोरड्या वाळूत मागे पॅडल (आडव्या पट्ट्यांचा टायर). परदेशातल्या मंडळींसाठी : ब्रिटनमध्ये बऱ्याच क्लबांचे ट्रॅक कृत्रिम गवताचे असतात, तिथे मागे शूमाखर कंपनीचे पिवळे मिनी-पिन (बारीक पिनांचे टायर) हे जवळजवळ ठरलेलं उत्तर. अमेरिकेत पाणी मारून घट्ट केलेल्या इनडोअर क्ले ट्रॅकवर लोक चक्क बिनकाट्यांचे स्लिक लावतात. क्लबमध्ये गेल्यावर आधी पहिल्या तीन गाड्यांची चाकं बघा, मग पाकीट काढा.

टू-व्हील गाडीला पुढे काट्यांऐवजी गोलाकार उभ्या धारा का असतात, असंही विचारतात. पुढच्या चाकांना ड्राइव्ह नाही, त्यांना फक्त आडवी पकड हवी. धारा मातीत रुतून गाडीला वळवतात आणि सरळ जाताना अडवत नाहीत.

४. सॉफ्ट घेऊ की हार्ड? रंगांवरून काहीच कळत नाही.

रंगांवर जाऊच नका, प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. जेकॉन्सेप्ट्सचा हिरवा हा निळ्यापेक्षा मऊ. प्रो-लाइन रंग न वापरता एम-३, एम-४ असे क्रमांक देते आणि त्यात एम-४ जास्त मऊ. शूमाखरचा पिवळा तिसराच. अंगठ्याच्या नखाने काटा वाकवून बघा आणि किती लवकर सरळ होतो ते बघा. दोन कंपन्यांची तुलना करायला हेच बरं.

मऊ रबर थंड आणि गुळगुळीत जमिनीवर पकडतं. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात दुपारी उघडी जमीन पायाला चटके देते, तिथे अतिमऊ टायर दोन बॅटऱ्यांत काट्यांच्या कडा गोल करून ठेवतो. तिथे मधला कंपाउंड (ना फार मऊ, ना फार कडक रबर) घ्या. मुरमावरही तेच, कारण खडे मऊ काटे मुळापासून उपटतात. पुढे एक पायरी मऊ आणि मागे कडक, असं मिश्रण टू-व्हील गाडीत टाळा. मागची बाजू सांभाळता येत नाही (प्रश्न १३ पाहा).

५. टायरमधला फोम बदलून खरंच फरक पडतो का? आणि भोकं कशाला पाडतात?

पडतो, पुष्कळदा टायर बदलण्याइतका. या टायरमध्ये हवा भरलेली नसते, गाडीचं वजन फोमच पेलतो. मऊ ओपन-सेल फोम स्वस्त गाड्यांत येतो; तो लवकर बसतो आणि पाणी शोषून घेतो. क्लोज्ड-सेल फोम महाग, पण महिनोन्‌महिने आकार धरून राहतो. वळणात टायर रिमखाली दुमडतोय असं व्हिडिओत दिसलं तर टायरला दोष देण्याआधी फोम दाबून बघा.

भोकं हवा आत-बाहेर जाण्यासाठी. ती नसतील तर उडी मारून खाली आल्यावर टायर चेंडूगत उसळतो. रिमला आधीच भोकं असतील तर पुरे. ओल्यात चालवणार असाल तर टायरच्या मधोमध, समोरासमोर दोन छोटी भोकं पाडा, म्हणजे फिरताना पाणी बाहेर फेकलं जातं. मात्र त्याच भोकांतून धूळ आत जाते आणि चाकाचा तोल बिघडतो, म्हणून कोरड्यातल्या संचाला ती पाडू नका.

६. टायर चिकटवले तरी दोन दिवसांत सुटतात. काय चुकतंय?

दहातल्या नऊ जणांचं चुकतं ते साफसफाईत. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर असतो. टायरची आतली कड आणि रिमची खाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रिमच्या खाचेवरून बारीक पॉलिश पेपर फिरवला तर आणखी चांगलं.

मग फोम आत घाला आणि रिमवर टायर चढवण्याआधी तो कुठे दुमडला नाही ना हे बोटांनी चाचपा. टायरवर बाण असेल तर दिशा बघा. डावं-उजवं उलट चिकटवणारे दर आठवड्याला भेटतात. कड खाचेत सगळीकडून बसली की चाक दोन्ही तळव्यांत धरून दाबत फिरवा, फोम आपली जागा घेतो.

आता गोंद. पातळ सीए (सायनोॲक्रिलेट) घ्या, हॉबीच्या दुकानात मिळतं. फेविक्विकनेही काम होतं, फक्त थेंब मोठा पडतो आणि बाजूला ओघळतो. अंगठ्याने टायरची भिंत किंचित मागे ओढा, कड आणि रिम यांमध्ये बारीक फट दिसेल. तिथे एक थेंब सोडा आणि भिंत सोडून द्या. थेंब आपोआप फटीत धावतो. रिमच्या कडेला ओली रेघ सरकताना दिसते. आधी समोरासमोर असे चार थेंब, मग मधल्या जागा. वरून रबरबँड. दहा-पंधरा मिनिटांनी चाक उलटून दुसरी बाजू. दुसऱ्या दिवशी भिंत सगळीकडून ओढून बघा, जिथे सुटेल तिथे पुन्हा थेंब. सगळं खिडकीजवळ करा, या गोंदाची वाफ डोळ्यांना झोंबते.

७. टायर संपला पण रिम चांगला आहे. वाचवता येतो का?

येतो. जुन्या पातेल्यात (स्वयंपाकातलं नको, घरात भांडण होतं) चाक वीसेक मिनिटं उकळा आणि गरम असतानाच हातमोजे घालून कड ओढून काढा. उष्णतेने गोंदाची पकड ढिली होते. ॲसिटोनमध्ये बुडवण्याचा उपायही चालतो, पण नायलॉनच्या रिमवरच. इतर काही प्लॅस्टिक त्यात विरघळतं. आतल्या बाजूला एक थेंब लावून बघा, चिकट झालं तर उकळण्याचाच मार्ग धरा. ॲसिटोन पेट घेतं, गॅसच्या शेगडीजवळ नको. खाचेतला जुना गोंद खरवडल्याशिवाय नवा टायर चिकटवू नका.

८. नवा टायर जुन्यापेक्षा खरंच चांगला आहे, हे कसं ठरवायचं?

या पानावरचा मुख्य प्रश्न हाच. बहुतेक जण नवा टायर लावतात, गाडी छान वाटते, आणि “जमला” म्हणून मोकळे होतात. पैसे खर्च केल्यावर गाडी छान वाटतेच.

पद्धत अशी : जुना, नवा, पुन्हा जुना. हे शेवटचं “पुन्हा जुना” कोणी करत नाही, आणि सगळा निकाल तिथेच असतो. समजा जुन्या टायरवर फेरी १८.४ सेकंदांची होती आणि नव्यावर १८.१ आली. तुम्ही खूश. मग जुना परत लावला आणि १८.० आली. म्हणजे टायरने काहीच केलं नाही. दरम्यान ट्रॅकवरची धूळ उडून रेषा स्वच्छ झाली आणि तुमचा हात बसला. जुन्यावर पुन्हा १८.४ आली असती, तर नव्याचं श्रेय खरं.

प्रत्येक वेळी बॅटरी पूर्ण भरलेली घ्या, शक्यतो तीच किंवा जोडीतली. २-एस लायपो (दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) भरल्यावर ८.४ व्होल्टची असते आणि चालता चालता उतरत जाते, त्यामुळे पहिल्या टायरला भरलेली बॅटरी आणि दुसऱ्याला अर्धी असं झालं तर तुलना संपली. दर संचाच्या दोन-तीन फेऱ्या मोजणीबाहेर ठेवा, नव्या टायरचा गुळगुळीत थर निघायला तेवढ्या लागतात. नवाकोरा टायर पहिल्या बॅटरीला वाईट आणि दुसऱ्याला छान वाटतो तो यामुळेच. मग सलग दहा फेऱ्या मोजा. सर्वांत वेगवान फेरी बघू नका, ती नशिबाची असते. दहा आकडे चढत्या क्रमाने मांडा आणि पाचवा-सहावा बघा.

वेळ दुसऱ्या माणसाने घ्यावी. रिमोट हातात असताना स्वतः घड्याळ दाबलं की वळण चुकतंच. मोबाइलच्या स्टॉपवॉचमध्ये लॅपची सोय असते, तेवढी पुरते. घड्याळ घेतलेल्या मित्राला कुठला टायर लावलाय ते सांगू नका.

आणि एका वेळी एकच बदल. टायरसोबत शॉक ऑइलही (शॉक ॲब्सॉर्बरमधलं तेल) बदललं तर श्रेय कोणाला द्यायचं? वहीत तारीख, जमीन (ओलसर, कोरडी, फुफाटा), ऊन की ढग, टायर, फोम आणि फेऱ्यांचे आकडे लिहा. सहा महिन्यांनी तीच वही नवीन टायरच्या किमतीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

९. नव्या टायरवर फेरी कमी वेळात होते, पण गाडी सारखी उलटते. मग कुठला ठेवू?

ज्यावर दहा फेऱ्या एकमेकींच्या जवळ आहेत, तो. एका फेरीत तीन दशांश वाचवून चौथ्या फेरीला गाडी उताणी पडली, तर ती सरळ करायला कोणी धावेपर्यंत सगळं गेलं. पण आधी बघा, गाडी पकड जास्त झाल्यामुळे उलटते का? तसं असेल तर टायर चांगला आहे, गाडी उंच आहे. राइड हाइट (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) दोन मिलिमीटरने कमी करा आणि पुन्हा चाचणी घ्या.

१०. मोठे टायर लावले आणि मोटर जळायला आली. टायरचा आणि मोटरचा काय संबंध?

मोठा टायर म्हणजे न सांगता बदललेला गिअर. हिशेब करून बघू.

३३०० केव्हीची मोटर (व्होल्टमागे मिनिटाला ३३०० फेरे), २-एस बॅटरी सरासरी ७.४ व्होल्ट : मिनिटाला २४,४२० फेरे. गाडीचं एकूण गिअर गुणोत्तर १० धरलं (मोटरच्या दहा फेऱ्यांना चाकाची एक), तर चाक मिनिटाला २,४४२ वेळा फिरतं. ८५ मिमी व्यासाच्या टायरचा घेर २६७ मिमी, म्हणजे ताशी साधारण ३९ किमी. आता ११० मिमीचा टायर लावा : घेर ३४६ मिमी, वेग ५०च्या वर. कागदावर छान दिसतं. पण तेवढा वेग गाठायला मोटरला त्याच प्रमाणात जास्त जोर लावावा लागतो, करंट वाढतो आणि उष्णता तर त्याहून वेगाने वाढते. वर टायरचं वजन वाढलं ते वेगळंच.

उपाय पिनियनमध्ये (मोटरच्या टोकावरचं लहान दातेरी चाक) आहे. २० दातांचा होता तर २० गुणिले ८५ भागिले ११०, म्हणजे साडेपंधराच्या आसपास. १५ चा लावा. एकूण गुणोत्तर काढायचं असेल तर स्परचे (पिनियनला जुळणारं मोठं दातेरी चाक) दात भागिले पिनियनचे दात, गुणिले गिअरबॉक्सचं आतलं गुणोत्तर. हे शेवटचं पुस्तिकेत असतं, उदाहरणार्थ टू-व्हील स्लॅशचं २.७२. पिनियन आणि स्परची पिच (दातांचं माप) एकच हवी. ४८ पिचच्या स्परला ३२ चा पिनियन लावला की पाच मिनिटांत दात गायब. दोन्हींमधलं अंतर ठरवताना वहीच्या कागदाची पट्टी मध्ये घालून मोटरचे स्क्रू आवळा आणि मग कागद काढा.

११. मोटर किती तापलेली चालते?

चाचणीच्या दिवशी ट्रिगरचा इन्फ्रारेड थर्मामीटर जवळ ठेवा. बॅटरी संपल्या संपल्या मोटरच्या मधल्या भागावर धरा : ७० अंश सेल्सियसपर्यंत निवांत, ८० ला थांबा. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा जास्त असतं आणि फार तापलं की चुंबकाची ताकद कायमची कमी होते. थर्मामीटर नसेल तर बोट लावा. दोन-तीन सेकंदही ठेववत नसेल तर पिनियन एक दात लहान करा. हवेचं तापमान वहीत लिहायला विसरू नका, डिसेंबरात जमलेलं गिअरिंग मे महिन्यात जमेलच असं नाही.

उलटाही प्रकार होतो. गिअरिंग फारच खाली गेलं तर मोटर सतत कमाल फेऱ्यांवर किंचाळत राहते आणि तरीही तापते.

१२. ३-एस बॅटरी लावली तर टायर चपटे होऊन वर ताणले जातात. टायर खराब आहे का?

नाही, त्याला फुगणं म्हणतात. ३-एसवर मोटरचे फेरे दीडपट होतात, रबर बाहेर फेकलं जातं, टायर उंच आणि अरुंद होतो. मऊ टायर जास्त फुगतो. पट्टा असलेले बेल्टेड टायर घ्या किंवा टायरच्या आतून मजबूत कापडी टेपचा एक वेढा द्या. टेपने टायर कडक होतो, तेव्हा मुरमावर पकड थोडी जाते.

त्याआधी ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक डबी) ३-एस चालतं का ते वाचा. ट्रॅक्ससचा एक्सएल-५ फक्त २-एस लायपोपर्यंतचा आहे. ईएससीमध्ये लो-व्होल्टेज कटऑफ लायपोवर लावलेला असावा, सेलमागे ३.२ व्होल्टच्या खाली बॅटरी उतरवू नका. घरी ठेवताना सेलमागे ३.८ च्या आसपास. फुगलेला लायपो वापरायचा नाही, “अजून एकदा” सुद्धा नाही.

१३. वळणात मागची बाजू फिरते. टायर, टो-इन, स्प्रिंग, ऑइल, नेमकं काय बदलू?

आधी ती कधी फिरते ते सांगा. थ्रॉटल देताना की सोडताना?

थ्रॉटल देताना फिरत असेल तर मागच्या टायरला पकड कमी पडते. क्रमाने बघा : मागचे काटे झिजलेत का, ईएससीचा पंच (वेग घेतानाचा सुरुवातीचा झटका) कमी करता येतो का, मागचा टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली असण्याचा कोन) अडीच-तीन अंश आहे का, बॅटरी मागे सरकवता येते का. मोटर मध्यभागी असलेली टू-व्हील बग्गी सैल मातीत असं करतेच, ती कार्पेट आणि कृत्रिम गवतासाठी बनलेली आहे. आपल्याकडच्या फुफाट्यावर मोटर मागे असलेली रचना जास्त शांत चालते. म्हणून सेकंडहँड स्पर्धेची बग्गी घेण्याआधी मोटर कुठे आहे ते विचारा.

थ्रॉटल सोडल्यावर फिरत असेल तर ईएससीमधला ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडताच आपोआप लागणारा ब्रेक) कमी करा. फुकटचा उपाय आहे आणि बहुतेक वेळा तेवढाच लागतो. गाडी उलट, पुढून ढकलत असेल आणि वळतच नसेल, तर पुढच्या टायरच्या धारा झिजल्यात का ते आधी बघा, मग पुढची स्प्रिंग मऊ करा. फोर-व्हीलमध्ये वेग घेताना पुढचं एकच चाक फुगून गरगरत असेल तर पुढच्या डिफचं (डिफरेन्शियल, चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) ऑइल पातळ पडतंय, एक पायरी जाड भरा.

१४. शॉक ऑइलचं “वेट” आणि “सीएसटी” यात काय धरायचं?

सीएसटी (सेंटीस्टोक, ऑइलच्या दाटपणाचं एकक). असोसिएटेडचं ३५ वेट सुमारे ४२५ सीएसटी भरतं, दुसऱ्या कंपनीचं ३५ तेवढंच असेलच असं नाही. ऑइल भरल्यावर पिस्टन हळूहळू वर-खाली करून बुडबुडे जाऊ द्या, घाई केली तर डावा शॉक एक बोलतो आणि उजवा दुसरंच. उन्हाळ्यात ऑइल पातळ होतं, तेव्हा मे महिन्यात ५० सीएसटीने वाढवून बघा.

१५. सगळे पार्ट ॲल्युमिनियमचे लावले. गाडी अजून मोडते, ते का?

प्लॅस्टिकचा आर्म आपटल्यावर वाकतो आणि परत येतो. ॲल्युमिनियमचा एकदा वाकला की वाकलेलाच राहतो, किंवा धक्का पुढे ढकलतो आणि मग महागडा भाग तुटतो. वजनही वाढतं. ॲल्युमिनियम शोभतं ते षटकोनी हब, शॉकची टोपणं, मोटर माउंट आणि स्टिअरिंगच्या बेलक्रँकला. आर्म प्लॅस्टिकचेच ठेवा आणि एक जोडी पेटीत असू द्या.

१६. पावसात चालवू का? गाडीवर “वॉटरप्रूफ” लिहिलंय.

वॉटरप्रूफ आहेत ते ईएससी, सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) आणि रिसीव्हरची डबी. बेअरिंग नाहीत. चालवून झाल्यावर गाडी पुसून, हवा मारून, बेअरिंगला थेंबभर तेल द्या. त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी नाही. फोम ओला असेल तर चाकं उन्हात वाळवा. काळ्या मातीचं प्रश्न ३ मध्ये आलंच आहे.

१७. किनाऱ्यावर चालवायचीय. वाळूसाठी काही वेगळं?

कोरड्या वाळूत मागे पॅडल आणि पिनियन एक-दोन दात लहान, कारण वाळू मोटरला सतत ओढायला लावते. ओल्या घट्ट पट्ट्यावर साधे ठोकळ्यांचे टायरही पळतात. खारं पाणी मात्र बेअरिंग आणि स्क्रू खाऊन टाकतं, म्हणून घरी येताच गोड्या पाण्याचा हलका फवारा, मग प्रश्न १६ प्रमाणे.

वेळास, मोरजी, आगोंद, गालजीबाग अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथे गाडी काढू नका, दुसरे किनारे भरपूर आहेत.

१८. टॉप स्पीड मोबाइलच्या ॲपने मोजला तर चालेल का?

गाडी दीड-दोन किलोची आणि तिच्यावर दोनशे ग्रॅमचा फोन बांधला, तर मोजताय ती वेगळीच गाडी. छोटे जीपीएस मीटर मिळतात, ते टेपने चेसिसला लावा. तरी सांगतो, मातीच्या ट्रॅकवर टॉप स्पीडचा आकडा मित्रांना दाखवण्यापुरता. निर्णय फेरीच्या वेळेवर घ्या (प्रश्न ८).

१९. अमेरिकेतून भाऊ येतोय. टायर आणि बॅटऱ्या मागवू का?

टायर खुशाल, रिमशिवाय मागवलेत तर बॅगेत जागा कमी लागते. लायपो चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेत, टोकं टेपने झाकून आणायचा. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण नसते. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा : ७.४ व्होल्टची ५००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर. तरी भावाला एअरलाइनचा नियम वाचायला सांगा, तपासणीच्या टेबलावर तोच उभा राहणार आहे.

२०. फोर-व्हील गाडीला पुढे लहान आणि मागे मोठे टायर लावले तर?

मध्ये डिफ असलेल्या गाडीत तो फरक पचवतो. पण पुढची-मागची बाजू एकाच सरळ शाफ्टने किंवा पट्ट्याने जोडलेली असेल, तर पुढच्या आणि मागच्या चाकांना एकाच वेगाने फिरावं लागतं. व्यास वेगळे असले की कुठलं तरी चाक घासत राहतं. सैल मातीत ते कळतही नाही, घट्ट जमिनीवर मात्र बॅटरी लवकर संपते, मोटर तापते आणि स्लिपर क्लचची प्लेट झिजते. दोन-तीन मिलिमीटरचा फरक सोडून द्या, त्याहून जास्त नको. नव्या मागच्या टायरसोबत पुढे झिजलेला टायर लावल्यावरही हेच होतं, हे लक्षात येत नाही.

२१. माझ्याकडे टॅमियाची ग्रासहॉपर आहे. तिच्यावर हे सगळं करू का?

मोह आवरा. ग्रासहॉपर १९८४ ची रचना आहे, मोटर ३८० मापाची, मागचा ॲक्सल सलग. मऊ आधुनिक टायर लावले की पकड सस्पेन्शनच्या कुवतीबाहेर जाते आणि ती वळणात आतलं चाक उचलून लोळते. पिनियन बदलायलाही फारशी जागा नाही. बेअरिंग बसवा, ऑइलचे शॉक हवे तर लावा, टायर किटमधलेच राहू द्या. ती घसरत चालते तेच तिचं चालणं आहे.

२२. पार्किंगमध्ये घेतलेली चाचणी मातीला लागू होते का?

गिअरिंग, तापमान, ब्रेक आणि स्टिअरिंग सरळ आहे का, एवढ्यापुरती. टायरबद्दल ती काहीही सांगत नाही, उलट काँक्रीटवर एका बॅटरीत नव्या काट्यांची धार जाते. पार्किंगसाठी संपलेला संच राखून ठेवा.

२३. झिजलेले टायर कधी टाकून द्यायचे?

मागचे काटे अर्ध्यावर आले की सैल मातीसाठी ते संपले. पण लगेच कचऱ्यात नको. दुपारनंतर ट्रॅकची रेषा घासून चकचकीत, कडक झालेली असते (प्रश्न ३ मधली काळी माती आठवा), तिथे अर्धे झिजलेले काटे नव्यापेक्षा वेगवान ठरू शकतात, कारण बुटका काटा वाकत नाही आणि रबर जास्त टेकतं. मात्र प्रश्न ८ प्रमाणे जुना-नवा-जुना करून खात्री करा. टायरच्या भिंतीवर पांढऱ्या मार्करने “नवा”, “अर्धा”, “पार्किंग” लिहून ठेवा, आणि टायर आरपार झिजला, भिंतीला चीर गेली किंवा कड सुटून पुन्हा चिकटेनाशी झाली की टाका. त्याचा रिम मात्र काढून घ्या, कृती प्रश्न ७ मध्ये आहे.